शब्द खाली पडू द्यायचा नाही

चैत्रातली रात्र, देवळापुढचं पटांगण माणसांनी भरलेलं, कृष्ण नुकताच मथुरेच्या वाटेवर आडवा उभा राहिलेला आणि मावशी गौळणींना घेऊन पुढं सरकलेली. तेवढ्यात लाइट गेली. माइक गेला, दिवे गेले, समोरची माणसं दिसेनाशी झाली. अशा वेळी पहिली शिट्टी वाजायला चार श्वासांएवढाही वेळ लागत नाही. ती वाजायच्या आत आमच्या पेंद्याचा आवाज आला. माइक नव्हता, तरी शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांपर्यंत पोहोचला.

"देवा, मावशीनं दाण दिलं नाही म्हणून आपला रंग साऱ्या गावाला फासलास व्हय?"

पटांगण हसलं. ते हसू सरायच्या आत मावशीनं शब्द उचलला, "माझ्या साती पिढ्यांत एक मीच गोरी निघाले होते रं, तेवढंबी मेल्यानं ठेवलं न्हाई!" ढोलकीवाल्यानं अंधारातच ठेका धरला. पुढची दहा-बारा मिनिटं दोघांनी काळोखावरच चालवली, आणि लाइट परत आली तेव्हा बायकांच्या बाजूनं कुणी तरी ओरडलं, "घालवा परत!"

पुढच्या वर्षी आम्ही ती खरंच घालवली. बटणावर माणूस बसवला, ठरलेल्या जागी दिवे बंद केले. तोच पेंद्या, तेच वाक्य, आवाजही तसाच. हसू आलं नाही. लोक वाईट बोलले नाहीत; नुसते बसून राहिले. त्या शांततेनं मला जे शिकवलं ते समजून घ्यायला पुढं कित्येक तालमी लागल्या. या पुस्तकात त्या तालमींची टिपणं आहेत. बतावणी कशी लिहावी हे सांगणारं हे पुस्तक नव्हे. जी लिहिता येत नाही तिची तालीम कशी करायची, एवढाच याचा विषय.

आमचं गाव जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांच्या शिवेला लागून आहे. आम्ही हौशी माणसं. कुणाची द्राक्षबाग, कुणाचा कांदा. एक जण नारायणगावच्या बाजारात टोमॅटो पोचवणारा टेम्पोवाला, एक मोटारी भरून देणारा, दोन शिक्षक, एक डेअरीवर दूध मोजणारा. जत्रेच्या मुख्य रात्री सुपारी देऊन आणलेला मोठा फड असतो. आदल्या रात्रीचे दोन तास गावच्या मंडळींचे. त्या दोन तासांत आम्ही गण म्हणतो, गौळण करतो, बतावणी करतो आणि वेळ उरला तर छोटासा वग.

ज्यांनी तमाशा फक्त सिनेमात पाहिलाय त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. गणात गणपतीला बोलावणं होतं. गौळणीत कृष्ण, त्याचा सवंगडी पेंद्या, गौळणी आणि त्यांची म्होरकी मावशी. मावशीचं सोंग पुरुष घेतो, डोक्यावर पदर आणि कमरेवर हात, एवढ्यावर तो मावशी होतो. गौळणी दूधदही घेऊन मथुरेच्या बाजाराला निघालेल्या असतात, कृष्ण वाट अडवून दाण मागतो, आणि भांडण सुरू होतं. त्यानंतर बतावणी. सरदार आणि सोंगाड्या समोरासमोर उभे राहतात आणि बोलायला लागतात. कशावर? पावसावर, सोयरिकीवर, पतपेढीच्या कर्जावर, सरपंचाच्या नव्या गाडीवर. शेवटी वग, म्हणजे गोष्ट. उमाजी सावळजकरांचं 'मोहना बटाव' हे पहिलं वगनाट्य मानतात, ते 1865 च्या सुमाराचं. वगाला कथा असते, त्यामुळं तो कुठं तरी लिहून राहतो. गणाला आणि गौळणीला पदं असतात, ती वहीत उतरतात. बतावणी मात्र दोन माणसांच्या तोंडातच जन्मते आणि बहुतेक वेळा तिथंच संपते.

आम्हाला हे सगळं लांबून आणावं लागलं नाही. पुणे-नाशिक रस्त्यावरचं नारायणगाव ही तमाशाची पंढरी. गुढीपाडव्याच्या आसपास तिथं फडांच्या राहुट्या लागतात, समोर फलक आणि आत एक मेज. गावोगावचे पंच येतात, तारीख सांगतात, भाव ठरतो, सुपारी फुटते. भाऊ-बापू मांग नारायणगावकरांचा फड इथला, आणि भाऊंची लेक विठाबाई इथली. त्यांना 1957 मध्ये आणि पुन्हा 1990 मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव मिळाला. 15 जानेवारी 2002 रोजी त्या गेल्या. महाराष्ट्र शासन त्यांच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार देतं. माझ्या आधीच्या पिढीतल्या बाया विठाबाईंच्या नाचापेक्षा त्यांच्या उत्तरांबद्दल जास्त बोलत. समोरून कुणी काही टाकलं तर विठाबाई ते परत कसं करायच्या, हे सांगताना त्या म्हाताऱ्या हातवारे करत. शब्द मात्र कुणालाच आठवत नसत.

हे न आठवणं मला फार दिवस खटकलं. इतकं हसलेल्या माणसांना एकही वाक्य कसं सांगता येत नाही? आता वाटतं, ते वाक्य त्या क्षणाला इतकं चिकटलेलं असतं की सुटं काढून घरी नेताच येत नाही. बटणावर माणूस बसवून आम्ही तेच करायला गेलो होतो.

आम्हाला शिकवायला एक म्हातारे सोंगाडी येत. उमर फडात गेलेली, गुडघे गेलेले, पण कान शाबूत. त्यांची इच्छा नसल्यानं नाव लिहीत नाही. पहिल्या तालमीला आम्ही चौदा पानांची बतावणी टाइप करून नेली होती. त्यांनी कागद हातात घेतला, मांडीखाली ठेवला आणि त्यावर बसून राहिले. मग म्हणाले, "आता बोला." आम्हाला बोलता येईना. पाठ केलेलं आठवायच्या नादात समोरचा काय म्हणतोय हे कुणीच ऐकत नव्हतं. त्या रात्री त्यांनी एकच नियम सांगितला आणि नंतर कैक वेळा उगाळला: "शब्द खाली पडू द्यायचा नाही." समोरच्यानं टाकलेला शब्द झेलायचा, त्याला उलटा करायचा, ताणायचा, फाडायचा, पण भुईला लागू द्यायचा नाही.

म्हणजे काय, ते गौळणीतल्या एका साध्या जागेवरून सांगतो. पेंद्या म्हणतो, "मावशे, कर द्यावा लागंल." मावशी विचारते, "काय करू?" तो म्हणतो, "करू नको, कर दे." ती कपाळाला हात लावते, "एका तोंडानं करू नको म्हणतोस, एका तोंडानं कर म्हणतोस. आधी तुझी दोन तोंडं एकाला एक भेटव." इतकंच. यात लिहिण्यासारखं काही नाही. पण तालमीत पाहाल तर गंमत कळेल. मावशीनं 'कर' हा शब्द ऐकला, त्याचा अर्थ ऐकला नाही. पेंद्याला पैसे हवेत हे तिला नीट कळलंय, पण ते न कळल्याचं सोंग घेण्याएवढी जागा तिला 'कर' या दोन अक्षरांत सापडली. ती जागा सापडण्यासाठी तिनं पेंद्याचं वाक्य शेवटपर्यंत ऐकायला हवं. मनात पुढचं वाक्य तयार ठेवणाऱ्याला ती जागा कधीच सापडत नाही.

परदेशात या कामाची वेगळी शास्त्रं झाली आहेत. शिकागोमध्ये व्हायोला स्पोलिन यांनी, देशोदेशीहून आलेल्या कुटुंबांतल्या मुलांना एकत्र आणणाऱ्या खेळांतून नटांसाठी खेळ घडवले. त्यांचं पुस्तक 1963 चं. किथ जॉनस्टन लंडनच्या रंगभूमीवर घडले, पुढं कॅनडात गेले; त्यांचं पुस्तक 1979 मध्ये आलं. तिथल्या तालमींतली पहिली शिकवण अशी की समोरच्यानं जे मांडलं त्याला 'हो' म्हणायचं आणि त्यात आपली भर घालायची. आमच्या टोळीतल्या तरुण शिक्षकानं हे वाचून आणलं आणि उत्साहानं करून पाहिलं. एका संध्याकाळी सगळे एकमेकांना हो म्हणत राहिले. बतावणी उभी राहीना. म्हातारे शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "सोंगाड्या हो कशाला म्हणंल? त्याचा जलमच न्हाई म्हणायला झालाय."

मला तो वाद फार मोलाचा वाटतो, कारण दोघंही खरे होते. सोंगाड्या सरदाराचं सगळं नाकारतो. राजाची आज्ञा नाकारतो, शहाणपण नाकारतो, हिशोब नाकारतो. पण शब्द नाकारत नाही. अर्थाला नाही म्हणायचं आणि शब्दाला हो, हा बतावणीचा गाभा आहे. शिकागोच्या मुलांकडं मुळात एक भाषा नव्हती, म्हणून त्यांचे खेळ कृतीतून वाढले. आमच्याकडं भाषा भरपूर होती, वरून बोलायला मज्जाव असलेली माणसंही भरपूर होती, म्हणून आमचा खेळ शब्दाच्या पोटात शिरला. पाटलापुढं सरळ बोलता येत नसलेल्या माणसानं पाटलाचाच शब्द पाटलावर कसा उलटवला, याची ती कला आहे.

इथं एक गोष्ट आडपडद्याशिवाय सांगायला हवी. ही कला ज्यांनी सांभाळली ते मांग, महार, कोल्हाटी आणि अशाच समाजांतले कलावंत. त्यांच्यासाठी ती हौस नव्हती, चूल होती. पठ्ठे बापूरावांसारखा कुलकर्णी घराण्यातला माणूस त्यात आला तेव्हा त्याच्या जातीनं त्याला काय ऐकवलं हे सर्वश्रुत आहे. दसऱ्याला बाहेर पडलेले फड वैशाखापर्यंत रोज नव्या गावात मुक्काम करतात. रात्री बारी, सकाळी हजेरी, दुपारी ट्रकमध्ये झोप. 25 मार्च 2020 ला गुढीपाडवा होता आणि त्याच दिवशी देशभर टाळेबंदी सुरू झाली. ज्या दिवसांत राहुट्यांमध्ये वर्षाची कमाई ठरते, नेमके तेच दिवस गेले, आणि पुढच्या साली पुन्हा गेले. आमची हौस तेव्हा घरात बसली आणि मोबाइलवर एकमेकांना वाक्यं पाठवत राहिली. त्यांची चूल विझली. या पुस्तकात 'आम्ही' हा शब्द फार वेळा येतो. त्या 'आम्ही'त ते नाहीत, आणि आम्ही जे काही करतो ते त्यांच्याकडून उसनं आणलेलं आहे, हे वाचणाऱ्यानं प्रत्येक पानावर ध्यानात ठेवावं.

हौशींचीही एक परंपरा आहे. 1944 मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकासाठी पु. ल. देशपांड्यांनी 'पुढारी पाहिजे' लिहिलं. त्याच सेवा दलातून निळू फुले, राम नगरकर आणि दादा कोंडके आले. निळूभाऊ तेव्हा पुण्यात माळीकाम करत. दिवसा बागेत आणि रात्री तालमीत, असं ते आयुष्य. वसंत सबनीसांनी लिहिलेलं 'विच्छा माझी पुरी करा' 1965 साली आलं. लेखकाची संहिता पक्की होती. तरी दादा त्यात रोजच्या वर्तमानपत्रातलं काही ना काही घालत, त्यामुळं एकच माणूस तेच नाटक पुन्हा पुन्हा पाहायला जाई. पदरची वाक्यं घालणं हा नाटकवाल्यांच्या लेखी गुन्हा. तमाशात ती न घालणारा सोंगाड्या नापास.

सरकारला हे कधी झेपलं नाही. स्वातंत्र्यानंतर लगेच मुंबई सरकारनं तमाशावर बंदी घातली, ती पुढं उठली, पण संहिता तपासून घेण्याची अट आली. फडांनी संहिता दिल्या. त्या कागदांवर वग होता, आणि बतावणीच्या जागी एखादं गुळगुळीत संभाषण. मंजुरी त्या कागदाला मिळाली, रात्री जे बोललं गेलं ते कुठल्याच कचेरीत नाही. संशोधकांना याचं दुःख होतं, मलाही होतं. पण ज्यांनी न लिहिता बोलायचं ठरवलं त्यांच्याकडं तसं करायला सबळ कारण होतं.

न लिहिलेल्या खेळाचं सूत्र मात्र लिहून ठेवता येतं. 1611 मध्ये फ्लामिनिओ स्काला या इटालियन नटानं आपल्या मंडळींची पन्नास कथासूत्रं छापली. कोण आत येतो, काय लपवतो, कुणाचा मार खातो, एवढं त्यात आहे, संवाद नाहीत. आपल्या सिंधुदुर्गातले दशावतारी आजही असंच करतात. रंगपटात तोंडाला रंग लावता लावता कथा ठरते आणि पहाटेपर्यंतचं बोलणं ज्याचं त्यानं रचायचं. त्यांच्याकडं राजा-राक्षसांचं भारदस्त बोलणंही उत्स्फूर्त, हे ऐकून आमचे म्हातारे कौतुकानं मान हलवत राहिले होते. हसवायला आयत्या वेळी सुचणं एक, आणि युद्धाआधीचं आव्हान आयत्या वेळी रचणं दुसरं.

तालमीत आम्ही नेमकं काय करतो हे पुढं सविस्तर आहे. इथं दोनच गोष्टी. एक म्हणजे म्हाताऱ्यांचा 'मुक्या सोंगाड्या'चा धडा. सोंगाड्याची सोंगं घेणाऱ्या पोरांना त्यांनी महिनाभर विनोद करायलाच बंदी केली. फक्त प्रश्न विचारायचे, तेही समोरच्याच्या शेवटच्या शब्दावरून. पोरं वैतागली. सरदार मात्र फुलले, कारण प्रश्नांना उत्तरं देता देता त्यांना खोटं पण ठाम जग उभं करावं लागलं. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की बतावणीत अवघड काम सरदाराचं आहे. तो गंभीर राहतो, स्वच्छ बोलतो, शब्द नेमक्या उंचीवर टाकतो. टाळ्या सोंगाड्याला पडतात. आमच्यात सरदार व्हायला कुणी तयार नसे. त्या महिन्यानंतर भांडणं व्हायला लागली.

दुसरी गोष्ट, चार वर्षांपूर्वी गावातल्या दोन मुली गौळणी म्हणून आल्या. तोवर पेंद्याचा निम्मा विनोद कमरेखालचा होता. कुणी त्यांना काही सांगितलं नाही, त्यांनीही कुणाला अडवलं नाही. त्यांच्यापैकी एकीनं पहिल्याच आठवड्यात पेंद्याच्या चावट वाक्यातला शब्द उचलून त्याच्या आईच्या स्वयंपाकघरात नेऊन ठेवला, आणि पेंद्याला पुढं बोलताच येईना. सगळी तालीम तिच्या बाजूनं हसली. त्या दिवसापासून सोपी वाट बंद झाली. मला हा आमच्या तालमींतला सर्वांत मोठा टप्पा वाटतो. चावटपणा तमाशाला नवा नाही आणि मी त्याचा शत्रू नाही. पण आमच्याकडं तो आळसाचं दुसरं नाव झाला होता.

आमच्या तालमीचं वेळापत्रक पंचांग ठरवत नाही, वीज ठरवते. शेतीपंपाला एका आठवड्यात दिवसा लाइट, दुसऱ्या आठवड्यात रात्री. रात्रीची पाळी असली की निम्मी माणसं बाऱ्यावर. त्यामुळं तालीम एका आठवड्याआड. आणि दुसरं बंधन बिबट्याचं. उसात त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची घरं झाली आहेत. माणिकडोहला त्यांच्यासाठी निवारा केंद्र आहे, तरी वाड्यावस्त्यांवर लेकरं गेली आहेत, आणि ज्या घरातलं लेकरू गेलं त्या घरासमोरून आम्ही तालमीला जातो. म्हणून रात्री कुणी एकटं परतत नाही. सगळे मिळून एकेका वस्तीवर एकेकाला सोडत जायचं, हातात बॅटरी आणि काठी, आणि मोठ्यानं बोलत राहायचं, कारण आवाज असला की जनावर बाजूला होतं.

बोलायचं तर काय बोलायचं? बतावणी. सुरुवातीला तालमीतलीच वाक्यं घोकली. पण अंधारात, कान उसाकडं लावलेले असताना पाठांतर टिकत नाही. पान सळसळलं की वाक्य तुटतं, आणि तुटलेलं वाक्य शेजाऱ्यानं लगेच उचलावं लागतं, कारण आवाज थांबून चालत नाही. शब्द खाली पडू न देण्याची खरी तालीम आमची तिथं झाली. लाइट गेली त्या रात्री पेंद्या अंधारात गडबडला नाही तो याच कारणानं; त्याचं घर सर्वांत शेवटच्या वस्तीवर आहे आणि तो कैक हिवाळे त्या वाटेनं बोलत गेला आहे.

पुढच्या पानांत वर्ष, महिना आणि लाइटीची पाळी अशा क्रमानं टिपणं लावली आहेत. आंबेगाव तालुका ज्याच्या नावानं ओळखला जातो ते मूळ गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. तिथून उठून आलेल्या एका घरानं आम्हाला त्यांच्याकडच्या गौळणीची चाल दिली, ती स्वतंत्र प्रकरणात आहे. पदांच्या चाली, ढोलकीच्या जागा, मावशीच्या चालण्याचे तीन प्रकार, हे सगळं जमेल तितकं नेमकं उतरवलंय. संवाद मात्र थोडे आहेत. वह्यांमध्ये बऱ्याच ठिकाणी मी घाईनं फक्त 'इथं पेंद्या बोलला' किंवा 'मावशीनं उचललं, सगळे हसले' एवढंच लिहून ठेवलं होतं. छपाईच्या वेळी त्या जागा आठवून भराव्यात असं काहींनी सुचवलं. पेंद्याला विचारलं तर तो म्हणाला, मी काय बोललो मला ठाऊक नाही, पण सरदार काय म्हणाला होता ते सांगतो. आणि त्यानं सरदाराची वाक्यं जशीच्या तशी सांगितली. ती तेवढी घातली आहेत. त्याच्या उत्तराच्या जागा मोकळ्या ठेवल्या आहेत.